हिमनदीचा पंचनामा : लुस्टरची भटकंती

शुक्रवार. बर्गन ते सोलवोर्न

नॉर्वेतल्या बर्गनहून निघालं की चार-साडेचार तासांचा रस्ता, आणि त्यातला बराचसा डोंगराच्या पोटातून. लेर्दालचा बोगदा एकटाच साडेचोवीस किलोमीटरचा. २००० साली तो खुला झाला. आत चालकाला झापड येऊ नये म्हणून मध्ये मध्ये तीन मोठ्या गुहा खोदून निळे दिवे लावले आहेत. आप्पा पहिल्या गुहेला "वा" म्हणाले, दुसरीला गप्प राहिले आणि तिसरी येईपर्यंत झोपून गेले. आप्पा म्हणजे माझे वडील. सातारा जिल्ह्यात तलाठी म्हणून नोकरी केली, निवृत्त झाले, आणि आता उन्हाळ्याचे दोन महिने आमच्याकडे बर्गनला आलेत. फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत घुसलेली समुद्राची अरुंद खाडी, दाखवला तर पहिल्यांदा विचारतात, "ही जमीन कुणाच्या नावावर आहे?"

बोगद्यानंतर मानहेलरची फेरी, मग सोग्न्डाल, आणि तिथून थोडं पुढे गेलं की लुस्टर कोमुनेची पाटी. नॉर्वेत कोमुने म्हणजे स्थानिक स्वराज्याचं सगळ्यात खालचं एकक. ग्रामपंचायत म्हणावी तर अधिकार फार मोठे, तालुका म्हणावा तर माणसं फार थोडी. लुस्टरचं क्षेत्रफळ सुमारे २,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या चौपटीहून जास्त. लोकसंख्या पाच हजारांच्या जरा वर. उरलेला सगळा डोंगर, बर्फ आणि पाणी. माणसं राहतात ती फ्योर्डच्या काठच्या आणि दऱ्यांच्या तळाच्या चिंचोळ्या पट्टीवर.

सोग्नेफ्योर्ड हा नॉर्वेतला सगळ्यात लांब फ्योर्ड. समुद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर आत घुसलेला आणि सगळ्यात खोल जागी तेराशे मीटर. त्याचा अगदी आतला फाटा म्हणजे लुस्टराफ्योर्ड. इथे समुद्र आहे हे सांगावं लागतं, कारण दिसताना तो तलावच दिसतो.

मुक्काम सोलवोर्नला. पांढऱ्या लाकडी घरांचं टुमदार गाव, छोटा धक्का, आणि १६९० पासून एकाच कुटुंबाच्या हातात असलेलं वालाकर हॉटेल. आम्ही मात्र गावाबाहेर एका शेतघरात उतरलो. परवडणं हा त्यातला मुख्य मुद्दा. घरमालकीणबाई सत्तरीच्या, पूर्वी दोन मुदती कोमुनेच्या सभागृहात निवडून आलेल्या. आप्पांची नोकरी कळल्यावर त्यांनी कॉफीचं दुसरं भांडं चढवलं. रात्री अकराला बाहेर वाचता येईल इतका उजेड होता आणि दोघं अजून सातबारा या विषयावर होते. दुभाषी मी.

शनिवार. उर्नेस

सोलवोर्नहून छोटी फेरी पलीकडच्या ओरनेसला जाते. पाच-सहा गाड्या बसतील एवढीच. उतरल्यावर चढाची वाट, दोन्ही बाजूंना रास्पबेरीचे वाफे. हा भाग रास्पबेरीसाठी नावाजलेला. वाटेत एका फळीवर बेरीचे डबे ठेवलेले, विकायला कुणी नाही, पैसे फोनवरून पाठवायचे. आप्पांनी डबा उचलून आजूबाजूला कुणी दिसतंय का ते पाहिलं, मी पैसे पाठवल्याचा मेसेज दाखवला, तेव्हा कुठे पहिली बेरी तोंडात गेली.

वर उर्नेसचं लाकडी चर्च. मध्ययुगात नॉर्वेत अशी लाकडी खांबांची चर्चं हजाराहून जास्त होती, आज उरलीत अठ्ठावीस. त्यांत हे सगळ्यात जुन्यांपैकी. लाकडाच्या वर्षवलयांवरून झाडं ११३१-३२च्या हिवाळ्यात तोडली असं निघालं आहे. १९७९ साली ते जागतिक वारसा यादीत गेलं. मालकी १८८१ पासून नॉर्वेच्या पुरातन वास्तू जतन करणाऱ्या संस्थेकडे आहे.

लोक पाहायला येतात ते मुख्यतः उत्तरेकडचं दार. तेही या चर्चचं नाहीच. आधीच्या शतकातल्या, इथेच उभ्या असलेल्या जुन्या चर्चचं कोरीवकाम काढून इथे बसवलेलं आहे. एक चौपाया प्राणी सापाला चावतोय, साप त्यालाच चावतोय, आणि दोघांभोवती बारीक, लांबलचक वेटोळी. वेटोळं कुठून सुरू झालं ते बोटाने शोधायला गेलं की बोट आधीच्याच जागी परत येतं. (बोट लावायला अर्थात मनाई आहे, हवेतच फिरवायचं.) व्हायकिंग काळाच्या शेवटच्या कलाशैलीला याच गावाचं नाव आहे. ख्रिस्ती देवळाच्या दारावर ही जुनी जनावरं का ठेवली, यावर अभ्यासकांत वाद आहेत. मला विचाराल तर सुतारकाम इतकं सुंदर असताना ते जाळायला कुणाचा हात उठला नसेल.

आत अंधार, डांबर आणि जुन्या लाकडाचा वास. खांबांच्या माथ्यांवर प्राणी कोरलेले. ते बघायला मान इतकी मागे टाकावी लागते की आप्पांनी शेवटी बाकावर पाठ टेकून पाहिलं.

लुस्टरच्या कारभाराची मुळंही अशा चर्चांतच आहेत. जुन्या काळी एका धर्मगुरूच्या हाताखालचा मुलूख हेच प्रशासनाचं माप होतं. रस्ते नव्हते, होड्या होत्या. त्यामुळे फ्योर्डने लोक तोडले नाहीत, जोडले. डोंगराने तोडले. १८३७ साली नॉर्वेत स्थानिक स्वराज्याचा कायदा आला तेव्हा याच धर्मक्षेत्रांच्या कोमुने झाल्या. लुस्टर वेगळी, हाफ्स्लू वेगळी, वर दरीतली योस्तेदाल वेगळी. राज्यघटना १८१४ची, तिच्यानंतर अवघ्या तेवीस वर्षांनी गावाचा पैसा गावाच्या हाती. मतदार मात्र तेव्हा जमीनवाले आणि अधिकारी पुरुषच. बायकांना कोमुनेत मताचा हक्क १९०१मध्ये मिळाला, तोही ठरावीक उत्पन्नावर कर भरत असतील तर. सरसकट मिळाला १९१०मध्ये.

दुपारी पूर्व काठाने अरुंद रस्त्यावरून फेइगुमपर्यंत गेलो. फेइगेफॉसेन हा धबधबा २१८ मीटर सरळ कोसळतो. पायवाट जंगलातून, चढ चांगला दमवणारा. आप्पा अर्ध्यात थांबले. त्यांनी ठोसेघर पाहिलेला आहे आणि त्याहून पुढे बोलायची त्यांची तयारी नव्हती.

रविवार. योस्तेदालेन

गाउप्नेहून उत्तरेला दरी सुरू होते. शेजारून योस्तेदोला नदी, पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं. हिमनदीने दगड दळून केलेलं पीठ त्यात मिसळलेलं असतं. दरी अरुंद, रस्ता नदीच्या काठाकाठाने, मध्येच एखादं शेत. ऑगस्ट १९७९मध्ये इथे मोठा पूर आला. अतिवृष्टी आणि वितळतं बर्फ एकदम आलं, पूल आणि घरं गेली. दरीत त्या पुराची आठवण अजून ताजी आहे. आमच्या मालकीणबाई वर्षं सांगताना सहज "पुराच्या आधी" आणि "पुरानंतर" म्हणत होत्या.

दरीच्या पश्चिमेला वर योस्तेदाल्सब्रेएन, युरोपच्या मुख्य भूमीवरची सगळ्यात मोठी हिमनदी, साडेचारशे चौरस किलोमीटरच्या आसपास. तिचे हातपाय चारी बाजूंनी दऱ्यांत उतरतात. त्यांतला एक निगार्ड्सब्रेएन. त्याच्या वाटेवर ब्रेहेइम केंद्र नावाचं संग्रहालय आहे. २०११मध्ये ते जळून गेलं आणि २०१३मध्ये पुन्हा उभं राहिलं. तिथून पुढे तळ्यापर्यंत गाडी जाते, मग छोटी होडी, मग बर्फाने घासून गुळगुळीत केलेल्या खडकांवरून चालत.

आता मूळ गोष्ट. आज आपण हिमनद्या आटताना पाहतो. १७००च्या सुमारास इथे उलटं झालं. थंडी वाढली आणि हिमनदी खाली सरकायला लागली. तीन दशकांत दरीत किलोमीटरच्या किलोमीटर पुढे आली. कुरणं गेली, चराई गेली. शेतकरी सारा भरेनात. तेव्हा नॉर्वे डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होता आणि शेतसारा कोपनहेगनला जायचा. सारा माफ करायचा तर नुकसान सिद्ध व्हायला हवं. मग अधिकारी आणि चार जाणते लोक दरीत येऊन बर्फ कुठवर आलंय ते मोजायचे, कुरण किती दबलं ते लिहायचे. १७४२च्या पाहणीत बर्फ निगार्ड या वाडीच्या घरांच्या अगदी जवळ आल्याची नोंद आहे. पुढच्या वर्षी, १७४३मध्ये, बर्फाने ती वाडी चिरडली. १७४८मध्ये हिमनदी थांबली आणि मग मागे सरकू लागली. तिने ढकलत आणलेल्या दगडमातीचा बांध अजून दरीत आडवा पडलेला आहे. बर्फ आज तिथून कित्येक किलोमीटर मागे.

मी हे फलकावर वाचून दाखवत होते. आप्पा मध्येच म्हणाले, "म्हणजे पंचनामा केला."

"हो, तसंच म्हणा."

"तसंच काय, तोच. पंच, मोजणी, सूट. गारपिटीचे केलेत मी. पण गारपीट एका दिवसात येते, ही तर वर्षाला येत होती. दर वर्षी नवा करावा लागत असणार." मग बांधाकडे बराच वेळ बघत होते. हवामानाचा इतिहास अभ्यासणारे शास्त्रज्ञ आज ज्या कागदांवर विसंबतात ते असेच, साऱ्यात सूट मागणाऱ्यांचे आणि ती द्यायची की नाही ते ठरवणाऱ्यांचे. कुणी निसर्गाची आवड म्हणून हिमनदी मोजली नव्हती.

तळ्याच्या पलीकडे बर्फाचं टोक निळसर, खाली काळपट. हे तळंही विसाव्या शतकात बर्फ मागे गेल्यावर उघडं पडलेलं. पूर्वी होडीतून उतरलं की बर्फ समोरच असायचं, असं जुने फोटो सांगतात. आता खडकांवरून चांगलं चालावं लागतं. दोराच्या पलीकडे जाऊ नका, अशा पाट्या अनेक भाषांत आहेत आणि त्या पाळाव्यात. टोकाचे तुकडे न सांगता सुटतात.

या दरीची एक दंतकथाही सांगून टाकते. १३४९च्या महामारीत काही कुटुंबं साथीपासून पळून इथे लपली, पत्रंसुद्धा एका दगडाखाली ठेवा म्हणाली, पण साथ आलीच. सगळे गेले, एक मुलगी तेवढी वाचली, रानपाखरासारखी बुजरी झालेली. तिला योस्तेदालची र्युपा म्हणतात. र्युपा हा इथला तितरासारखा पक्षी.

सोमवार. गाउप्ने

पर्यटकांच्या यादीत गाउप्ने नसतं. दुकानं, बँक, पेट्रोल पंप, आणि कोमुनेचं कार्यालय. मीच हट्टाने एक दिवस ठेवला होता. खरं तर आप्पांसाठी.

१९६०च्या दशकात नॉर्वेने छोट्या कोमुनेंची मोठी छाटणी केली. १९३०मध्ये ७४७ होत्या, त्या साडेचारशेच्या आसपास आल्या. लुस्टर, हाफ्स्लू आणि योस्तेदाल १ जानेवारी १९६३ला एक झाल्या आणि कारभार गाउप्नेला बसला. (आपल्याकडे जिल्हा परिषदा १ मे १९६२ला सुरू झाल्या, आठ महिने आधी. ही माहिती आप्पांची.) २०२०मध्ये पुन्हा एक लाट आली. शेजारच्या सोग्न्डाल, लेइकांगर आणि बालेस्ट्रांड एकत्र झाल्या, वरचा जिल्हा वेस्टलांड झाला. लुस्टर मात्र आहे तशीच राहिली. आज देशात ३५७ कोमुने आहेत.

पाच हजार लोकांच्या या संस्थेकडे काय काय आहे? बालवाड्या, दहावीपर्यंतच्या शाळा, गावचा डॉक्टर, वृद्धांचं शुश्रूषागृह, घरी जाऊन म्हाताऱ्यांना औषध देणाऱ्या परिचारिका, पाणी, बांधकाम परवाने. कॉलेजपूर्व शिक्षण आणि जिल्हा रस्ते वरच्या फ्युल्केकडे, म्हणजे जिल्ह्याकडे, मोठी रुग्णालयं २००२ पासून सरकारकडे. नगराध्यक्ष, इथे ऑर्डफोरर, थेट निवडून येत नाही, सभागृह त्याला किंवा तिला निवडतं. थेट सरपंच की सदस्यांतून, हा घोळ आपण २०१७, २०२० आणि २०२२ असा तीनदा फिरवला. इथे तो सदस्यांतूनच, आणि कुणी फारसं भांडत नाही. बाकीचे सदस्य आपापली शेती-नोकरी सांभाळून येतात. मालकीणबाई दूध काढून सभेला जायच्या.

मतपत्रिकेची एक गंमत सांगण्यासारखी. आपण एका पक्षाची यादी घ्यायची, तिच्यातल्या आवडत्या माणसांपुढे खूण करायची, आणि वाटलं तर दुसऱ्या पक्षाच्या यादीतली ओळखीची नावंही आपल्या मतपत्रिकेवर लिहायची. पक्ष एक, माणूस दुसऱ्याचा, दोन्ही चालतं. आणि मत द्यायला नागरिकत्व लागत नाही. नॉर्वेत सलग तीन वर्षं राहिलेला परदेशीही कोमुनेत मत देतो. मी बर्गनला दिलंय, भारतीय पासपोर्टवर. संसदेला मात्र देता येत नाही.

आणखी एक सोय. दोन टक्के रहिवाशांनी किंवा तीनशे जणांनी सह्या केल्या की सभागृहाला तो विषय सहा महिन्यांत घ्यावाच लागतो. लुस्टरमध्ये दोन टक्के म्हणजे शंभराच्या थोडं वर. एका लग्नात पंगतीला बसणाऱ्यांत एवढ्या सह्या मिळतील.

पण आप्पांना खरा धक्का बसला तो आवक-जावकने. इथल्या कायद्याने कोमुनेकडे आलेल्या आणि गेलेल्या पत्रांची यादी जाहीर असते. बहुतेक कोमुने ती इंटरनेटवरच टाकतात. कुणी कशासाठी अर्ज केला, उत्तर कधी गेलं, घरबसल्या बघावं. खासगी बाबी तेवढ्या झाकलेल्या. मी फोनवर दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, खाली सरकवत गेले, परत वर आले.

"तारीखवार आहे," म्हणाले. आणि जरा वेळाने, "आमचं रजिस्टर असं कुणी बघायला मागितलं असतं तर साहेबांनी मला हलवलं असतं."

पैसा कुठून येतो, हा त्यांचा पुढचा प्रश्न. आयकरातला वाटा, सरकारी अनुदान, आणि लुस्टरसारख्या ठिकाणी पाणी. योस्तेदालच्या वर स्टिग्गेवात्नेत हे तळं अडवून धरण केलं आहे. एका बाजूने हिमनदी त्याच तळ्यात उतरते. तिथलं पाणी डोंगराच्या पोटातून सुमारे बाराशे मीटर खाली येऊन स्टाटक्राफ्ट या सरकारी कंपनीच्या वीजकेंद्रात पडतं. कोयनेच्या माणसाला यात नवल नाही, तेही केंद्र डोंगरातच आहे. नवल पुढे आहे. नॉर्वेच्या कायद्याने ज्या कोमुनेत पाणी अडवलं, वीज झाली, तिचा त्यावर हक्क असतो. दर युनिटमागे ठरलेला नैसर्गिक संपत्ती कर, कोमुनेच्या वाट्याचा १.१ ओरे, मागच्या सात वर्षांच्या सरासरी उत्पादनावर. ओरे म्हणजे क्रोनरचा शंभरावा भाग. म्हणजे एक वर्ष पाऊस कमी झाला तरी कोमुने कोसळत नाही. शिवाय परवान्याचं वार्षिक शुल्क, आणि दहा टक्क्यांपर्यंत वीज उत्पादन खर्चाच्या भावाने. तीही हवी तर विकता येते. या परवाना कायद्यांची मुळं १९०६ ते १९१७ या काळातली. नॉर्वे १९०५ला स्वतंत्र झाला आणि धबधबे परदेशी भांडवलदार घेऊन टाकतील या धास्तीने घाईघाईने कायदे झाले.

आप्पांनी हे सगळं वहीत लिहून घेतलं. मग पेन्सिल कानामागे खोचत म्हणाले, "बर्फाने सारा बुडवला म्हणून सूट दिली, आणि आता बर्फाच्या पाण्यावर कर बसवलाय. हिशेब वसूल केला म्हणायचं." कोयनेच्या धरणग्रस्तांबद्दल ते पुढे बरंच बोलले. त्यांच्या नात्यातले लोक त्यांत होते. ते इथे लिहीत नाही, पण त्या दिवशी गाउप्नेच्या बाकावर बसून सगळ्यात जास्त वेळ तेच बोलणं झालं.

सगळं आलबेलही नाही. नॉर्वेभर छोट्या गावांतून तरुण शहरांकडे जातात, शाळांचे पट घटतात, आणि शाळा बंद करायचा ठराव आला की सभागृहाबाहेर गाव गोळा होतं. ती भांडणं आपल्याला शिकवायला नकोत.

मंगळवार. शोल्देन आणि वरचा घाट

फ्योर्ड संपतो तिथे शोल्देन. समुद्रापासून इतक्या आत असूनही मोठी क्रूझ जहाजं इथवर येतात. जहाज लागलं की गाव बुडतं, जहाज सुटलं की वर येतं.

तत्त्वज्ञ लुडविग विट्गेनश्टाइन १९१३मध्ये इथे आला तो एकांत शोधत. गावामागच्या आइड्सवात्नेत तळ्याच्या वर, कड्यावर, त्याने घर बांधायला घेतलं. ते १९१४मध्ये उभं राहिलं, आणि तोपर्यंत महायुद्ध सुरू होऊन तो ऑस्ट्रियाच्या सैन्यात होता. पुढे १९३६-३७मध्ये तो इथे बराच काळ राहिला. पाणी खालच्या तळ्यातून दोरीला बादली बांधून कप्पीने वर ओढायचा. १९५८मध्ये ते घर उतरवून खाली गावात नेऊन बांधलं गेलं. २०१९मध्ये ते पुन्हा मूळ जागी उभं केलं. वर जायला अर्धा-पाऊण तास, शेवटचा टप्पा खडा. घरापेक्षा जागा बघण्यासारखी. इथून गावातला आवाज येत नाही आणि किराणा आणायचा म्हणजे होडी. आप्पा खालीच राहिले, म्हणाले, "तुम्ही जा, मला एकांत पुरेसा आहे."

मग घाट. टुर्टाग्रोपर्यंत रस्ता वळणावळणाने चढतो. १८८८ पासून इथे गिर्यारोहकांचं हॉटेल आहे. २००१मध्ये जुनी इमारत जळाली, पुढच्याच वर्षी नवी उभी राहिली. समोर हुरुंगाने रांगेतली सुळकेदार शिखरं, त्यांत स्टूरे स्कागास्टोल्सटिंड, २,४०५ मीटर, देशातलं तिसरं उंच. १८७६मध्ये विल्यम सेसिल स्लिंग्जबी या इंग्रजाने ते पहिल्यांदा सर केलं. सोबतचे थांबले आणि शेवटचा टप्पा तो एकटाच चढला. १८९४मध्ये थेरेसे बेर्टो ही त्यावर पोचलेली पहिली स्त्री.

वर सोग्नेफिएल. रस्ता १,४३४ मीटरपर्यंत जातो, उत्तर युरोपातला सगळ्यात उंच खिंडीचा रस्ता. १९३८मध्ये तो झाला, बेरोजगार तरुणांच्या हातून. त्याआधी शेकडो वर्षं याच वाटेने घोड्यांवरून किनाऱ्याचं मीठ आणि मासे आत जायचे, आतलं लोणी आणि कातडी बाहेर यायची. हिवाळ्यात रस्ता बंद. आम्ही गेलो तेव्हा जुलै होता आणि कडेला बर्फ कमरेएवढं. थंडी अशी की मी स्वेटरवर जॅकेट चढवलं आणि आप्पांनी कानटोपीवर मफलर.

खिंड ओलांडली की लोम कोमुने, दुसरा जिल्हा, आणि ओढे उलट दिशेला वाहायला लागतात. ते पाणी गुडब्रान्ड्सडालकडे जातं, सोग्नेफ्योर्डला येत नाही. आप्पांनी काच खाली करून एका ओढ्याकडे बघितलं.

"याचा कर कोणाला?"

"लोमला असेल. किंवा खाली जिथे वीज होते तिथल्या कोमुनेला."

"नीट माहीत नाही ना? मग लोममध्ये विचारू."

लोममध्ये बेकरीसमोर रांग होती. आधी दालचिनीचे पाव घेतले. कोमुनेचं कार्यालय चारला बंद होतं, आम्ही पोचलो तेव्हा सव्वाचार वाजले होते.